मैदानाकडं पाठ

चिखली,
गुरुवार, ५ फेब्रुवारी २०२६

चि. स्वरूपास ज्योतीमामाचा आशीर्वाद.

आक्काला माझा नमस्कार सांग. तुझ्या मामीची कंबर आता बरी आहे, सकाळी साने चौकापर्यंत चालून येते आणि येताना कोथिंबिरीवरून एकाशी तरी भांडून येते. आज एमआयडीसीला सुट्टी, कुदळवाडीचा खडखडाट बंद, म्हणून निवांत लिहायला बसलोय. तू फोन उचलत नाहीस. मेसेजला निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. पत्र निदान आक्का उघडेल आणि मोठ्यानं वाचेल, तुझ्या कानावर तरी पडेल, म्हणून हा उद्योग. अक्षराला हसू नकोस. कंपनीत मला सहीशिवाय काही लिहावं लागत नाही.

तुझी खोली आहे तशीच आहे. आकुर्डीहून कॉलेजचा शिपाई तुझ्या गैरहजेरीचं विचारत होता, मी म्हणालो आई आजारी आहे. आक्काला सांग, थोडे दिवस आजारी राहा म्हणावं.

आता मुद्द्याचं. सेमीफायनल झाली आणि तू दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाशी न बोलता बॅग उचलून घरी औशाला जायची गाडी धरलीस. तुला मैदानातून काय दिसलं ते मला ठाऊक नाही. पण गॅलरीत काय चाललं होतं ते तुलाही ठाऊक नसणार. म्हणून पहिल्यापासून सांगतो. अर्ध्यात फाडू नकोस.

आठवीत असताना तू माझ्याकडं आलीस, तेव्हापासून टाळगाव हॉकी क्लबच्या ग्राउंडवर पहाटे हजर. त्यातले शेवटचे तीन सीझन तू सीनियर टीमच्या बेंचवर काढलेस. दरवर्षी आपले अध्यक्ष बबनराव माईक हातात घेऊन सांगतात, ‘इथल्या मुली घडवणं हेच क्लबचं ध्येय आहे.’ आणि स्पर्धा आली की बाहेरून मागवतात पाहुण्या. कुणी रेल्वेची, कुणी कुठली. त्या येतात, महिनाभर खेळतात, कपाबरोबर फोटो काढतात, जातात. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते हेच. तुझ्याबद्दल विचारलं की कोच गणराज सर म्हणायचे, ‘अजून लहान आहे.’ तुझ्यासारखीच इथली, बेंचवर बसलेली ती रोहिणी, तिच्याबद्दल विचारलं की म्हणायचे, ‘आता तिचं वय गेलं.’ रोहिणी तुझ्याहून मोठी ती किती? मग मधलं वय यांच्याकडं येतं कधी आणि जातं कधी, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

बरं, जागा तरी एक ठेवावी. तुला आधी फॉरवर्ड केलं, मग हाफ, मग फुलबॅक. गोलकीपरला कावीळ झाली तर तिचे पॅड बांधून गोलात उभं केलं. पोरगी म्हणजे काय लोणच्याची फोड आहे, कुठल्याही ताटात वाढायला?

सेमीफायनलची टीम लागली. अकरा जणींत आठ पाहुण्या. ते वाचून आमच्या गॅलरीतल्या मंडळींचं डोकं फिरलं. शेखर म्हणाला, घोषणा देऊ. माझ्याबरोबर कंपनीत प्रेस शॉपला, पत्रे ठोकायच्या मशीनवर असतो म्हणून असेल, त्याला आवाज केल्याशिवाय काही झाल्यासारखं वाटत नाही. मी म्हणालो, घोषणा देऊन घसे बसले, यांच्या कानावरची माशी हलली नाही. यांच्याकडं बघायचंच नाही. मॅचला जायचं, सगळी गॅलरी भरायची आणि मैदानाकडं पाठ करून बसायचं. कल्पना माझी, हे कबूल करतो. पिंपरी कॅम्पातून काळे टी-शर्ट आणले आणि पाठीवर पांढऱ्या अक्षरात छापून घेतलं, ‘आमच्या पोरी कुठंयत?’ मॅच सुरू व्हायच्या आधी गॅलरीच्या पायरीवर मी नारळ फोडला आणि सगळ्यांना शपथ घातली, काही झालं तरी शेवटची शिट्टी होईपर्यंत कुणी वळायचं नाही.

पाठ करून मॅच ‘बघणं’ म्हणजे काय असतं ते तुला सांगून कळणार नाही. समोर भिंत, भिंतीवर गुटख्याच्या पिचकाऱ्या आणि एका बिल्डरची जाहिरात. मागून नुसते आवाज. स्टिकवर स्टिक आपटली की मान आपोआप वळायला बघते. एकदा शिट्टी झाली तर शेखर म्हणतो, ‘पेनल्टी कॉर्नर.’ मी म्हणालो, ‘फाउल.’ दोघं त्यावर भांडलो, भिंतीकडं बघत. येडेपणा म्हणशील तर येडेपणाच. पण तेव्हा छाती फुगली होती. क्लबचे लोक खालून आमच्याकडं बघत होते म्हणे.

शेवटचा क्वार्टर सुरू झाला आणि ग्राउंडचा दत्तोबा धापा टाकत वर आला. म्हणाला, ‘ज्योतीराम, वळ की रं. तुजी भाची उतरवलीय.’ मी म्हणालो, ‘बबनरावांना जाऊन सांग, असल्या थापांनी आमी वळत नसतो.’ मला वाटलं, डाव आहे. कॅमेरावाला आला असेल, त्याच्यासमोर आम्हाला वळवायचं आणि शपथ मोडली म्हणून फिदीफिदी हसायचं. तूच सांग, जे तीन सीझन झालं नाही ते नेमकं आमची पाठ असताना होईल, असं कुणाला वाटेल? दत्तोबा म्हणाला, ‘म्या कशाला खोटं बोलू?’ आणि खाली गेला.

शिट्टी झाली, आम्ही वळलो, तेव्हा तू तोंडावर टॉवेल टाकून आत चालली होतीस. बोर्डावर एक विरुद्ध दोन. बाकी काही कळायच्या आत तू दिसेनाशी झालीस.

तेव्हापासून माझ्या डोक्याचा भुगा झालाय. बबनराव चौकात भेटले तर म्हणतात, ‘तुम्हीच मागत होता ना, दिली. आता बघायलाही आम्हीच माणसं आणायची का?’ गणराज सर म्हणतात, राज्याच्या निवड चाचणीसाठी क्लबनं तुझं नाव पाठवलंय. चाचणी एक मार्चला. पण वीस तारखेच्या आत तू सरावाला आली नाहीस तर तुझ्या जागी दुसरीचं नाव जाईल. हे खरं का आमची तोंडं बंद करायला काढलेली टूम? एका हरलेल्या मॅचमधल्या एका क्वार्टरवर कुणी नाव पाठवतं का? आणि तू खेळलीस तरी कशी? विचारू कुणाला? माझे सगळे जाणकार दोस्त भिंतीकडं तोंड करून बसलेले. बघितलं एकट्या तुझ्या मामीनं, ती बायकांच्या बाजूला होती, आणि तिला हॉकीतलं ओ का ठो कळत नाही. ती म्हणते, ‘पोरगी छान पळाली. दोनदा पडली, पण लगेच उठली.’ आपल्यावरचा दुसरा गोल तू होतीस त्या बाजूनं झाला, एवढं तिनं सांगितलं, आणि मग गप्प बसली.

मला खरंच कळलं नाही गं, तू आत होतीस ते. कळलं असतं तर वळलो नसतो का?

राग मॅनेजमेंटवर काढ, माझ्यावर काढ, पण खेळावर काढू नकोस. वीसच्या आत ये.

तुझाच,
ज्योतीमामा


चिखली,
सोमवार, १६ फेब्रुवारी

स्वरूपा,

काल आक्काचा फोन आला. म्हणाली, पोरीनं मला पत्र वाचू दिलं नाही, स्वतःच वाचलं, दोनदा. आणि मामाला एवढंच विचार म्हणाली, ‘माझा आवाज आला नव्हता का?’

मी म्हणालो, पत्रानं कळवतो. आक्का म्हणाली, ‘होय का नाही एवढं सांगायला पत्र कशाला लागतंय?’ ती माझ्याहून मोठी आहे आणि लहानपणापासून नको तिथं बरोबर बोलते. हे पत्र कुरियरनं टाकतोय म्हणजे वेळेत पोचेल.

आधी इकडचं सांगतो. शनिवारी मी गणराज सरांच्या घरी गेलो होतो. भांडायच्या तयारीनंच गेलो होतो, शर्टाच्या बाह्या वर करून. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, ‘स्वरूपाला शेवटच्या क्वार्टरला घ्यायचं हे मी सकाळच्या मीटिंगलाच सांगितलं होतं. तुमचे टी-शर्ट मला ग्राउंडवर आल्यावर दिसले.’ म्हणजे आमच्या पाठींचा आणि तुझ्या उतरण्याचा काही संबंध नव्हता. दत्तोबाला वर पाठवलं तेही सरांनीच. म्हणाले, ‘घरचं कुणी बघत असलं तर पोरीला धीर येतो.’ मी विचारलं, मग तीन सीझन काय झोपला होता? तर म्हणाले, ‘दर मीटिंगला नाव घेत होतो. बबनरावांना कप हवा असतो.’ खरं बोलत असावेत. का मला आता कुणीही काही सांगितलं तर खरंच वाटतं, कोण जाणे. ज्या माणसाला इतके दिवस शिव्या घातल्या तो तुझ्या बाजूनं होता आणि ज्याच्या नाकावर टिच्चून बसलो तो खुर्चीवर होता तसाच आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि ती संन्याशाला तरी लागली का? लागली तुला. आता रागवायचं कुणावर, हेच मला उमजत नाही. बबनरावांवर रागवायला गेलो की माझंच तोंड मध्ये येतं.

असो. आवाजाचं.

मैदानावर तू ओरडतेस तसं दुसरं कुणी ओरडत नाही. त्या पाहुण्या एकमेकींना हिंदीत सांगतात. तू म्हणतेस, ‘सोड गं, माझाय.’ घरी शेवटच्या भाकरीवरून मामीशी भांडताना जो आवाज काढतेस, तोच.

दत्तोबा खाली गेला आणि थोड्याच वेळात तो आवाज माझ्या पाठीवर आला. सोड गं, माझाय.

शेखर शेजारीच होता. त्यानं भिंतीवरची नजर काढून माझ्याकडं बघितलं, म्हणजे त्यानंही ओळखला होता. मी म्हणालो असतो तर तो आधी वळला असता. त्याच्यामागं सगळी गॅलरी वळली असती. सगळी माझ्या तोंडाकडं बघून बसलेली माणसं होती ती. आणि मी मान ताठ ठेवली. माझ्या मनात काय आलं सांगू? मी एकटा वळलो तर उद्या प्रेस शॉपला बोलतील, याच्या भाचीसाठीच होता सगळा खटाटोप, भाची आली आणि शपथ मोडली. मला लोकांना दाखवायचं होतं की मी क्लबसाठी बसलोय, घरच्यासाठी नाही. तुझ्यासाठी बसलोय हे मला लपवायचं होतं, आणि त्यापायी तुझ्याचकडं पाठ करून बसलो. आता मी स्वतःला विचारतो की नक्की कुणासाठी बसलो होतो, तर तेही सांगता येत नाही. क्लबसाठी म्हणावं तर क्लब हरत होता आणि मला बरं वाटत होतं.

परवा मामी बोलली. तोवर गप्प होती ती. म्हणाली, ‘बॉल तिच्याकडं येत होता आणि तिनं मान वर करून तुमच्या गॅलरीकडं बघितलं. एवढंच. तेवढ्यात बॉल गेला.’ तुला त्या वेळी काय दिसलं असेल ते मी टी-शर्ट समोर धरून बघितलं. आमच्या पोरी कुठंयत. तू तिथंच उभी होतीस आणि एवढी माणसं तुला तेच विचारत होती.

एक गोष्ट मी पहिल्या पत्रात लिहिली नाही. नारळ फोडताना आणखी एक ठरलं होतं. आपल्यावर गोल झाला की सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवायच्या. बबनरावांना झोंबावं म्हणून. आणि पहिली टाळी मी वाजवायची, मग बाकीच्यांनी.

दुसरा गोल झाला तेव्हा मागून ओरडा झाला, आणि त्यात तुझा आवाज नव्हता. तू गप्प झाली होतीस. मला ते कळलं होतं. सगळे माझ्या हाताकडं बघत होते. मी टाळी वाजवली.

आता आक्काला उत्तर सांग, होय. आवाज आला होता. टाळीच्या आधी आला होता.

चाचणीला ये, असं मी आता म्हणत नाही. तुझं नाव खरंच गेलंय, सरांनी फोनवर दाखवलं, एवढं कळवतो. आलीस तर मामी न्यायला येईल. मी ग्राउंडवर यावं का नाही हे तू ठरव. नको म्हणालीस तर येणार नाही, आणि ये म्हणालीस तर कुठं बसायचं तेही तूच सांग.

या पत्राला वर आशीर्वाद लिहिला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. लिहायला बसलो आणि हात धजला नाही. आपल्याकडं मामानं भाचीच्या पाया पडायची रीत आहे. तू लहान होतीस तेव्हा मी वाकलो की तू पाय पोटाशी घेऊन पळायचीस, आणि आक्का हसायची. या वेळी मी लांब आहे, पळायची गरज नाही.

पाया पडतो.

ज्योतीराम