वडिलांचे बूट आणि चौथ्या रांगेतली जमीन

मी, एर्मांस त्रेपानिये, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, अडतीस वर्षे चौथ्या रांगेच्या, म्हणजे गावाबाहेरच्या चौथ्या शेतरस्त्याच्या, शाळेत शिक्षिका, आता निवृत्त, राहणार सेंत-ओदिल, अबितिबी, हे कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मनाने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने हस्ताक्षर पाहावे. कॉन्व्हेंटात सिस्टर सेंत-फिलोमेन यांनी ते पट्टीने वळवले आणि ते अजून ढळलेले नाही. गुडघे गेले आहेत आणि छाती वाजते, एवढेच.

आज एकोणतीस मे. सकाळी पाण्याच्या पिंपावर बर्फाची साय होती. गवत संपले, बर्चची लाकडे संपत आली, आणि चुलीमागच्या खोक्यातली कोंबडीची साठ पिल्ले बाहेर न्यायची सोय नाही म्हणून ती माझ्या स्वयंपाकघरात मोठी होत आहेत. अशा वसंताचा जाब मी वर गेल्यावर समोरासमोर विचारणार आहे.

पहिली गोष्ट. सहा वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात चौथ्या रांगेतली सगळी जमीन मी बहिणीच्या मुलाला, रेअलला, दिली होती. ती त्याच्यावरच्या मायेने नव्हे, तर माझी भावजय फ्लोरिदा हिला मिळू नये म्हणून. तिचे घर याच जमिनीवर आहे. वडिलांनी कागद माझ्या नावे केला, कारण घरात वाचता येत होते ते मला एकटीला. माझा भाऊ आदेलार याने घर बांधले, पण पायाखालची माती माझी.

मार्चमध्ये रेअल आला. टेबलावर नकाशा पसरून म्हणाला, "मावशी, इथे आता कोण शेती करतं? कागदाच्या लगद्याच्या गिरणीवाले सगळीकडे स्प्रूसची झाडं लावून देतील. तुला काही करावं लागणार नाही."

"आणि फ्लोरिदाचं घर?"

"ते पाडावं लागेल. तिला गावात खोली बघू की."

हीच जमीन माझ्या आईने खुंट उपटून मोकळी केली, त्यात तिची दोन बोटे गेली. तिथे पुन्हा जंगल लावायला हा मुलगा गाडीतून बूट न मळवता आला होता. तरीही त्या दिवशी मी गप्प बसले. फ्लोरिदा बेघर होणार हे ऐकून मला वाईट वाटले नाही. हे लिहायला लाज वाटते, म्हणून लिहिते.

दुसरी गोष्ट, म्हणजे कारण. छप्पन सालचा वसंत असाच रेंगाळला होता. छातीत कफ असताना आदेलार थंडीचे संत, म्हणजे मेच्या मध्यातले संतांच्या नावाचे ते गारठ्याचे तीन दिवस, उलटायच्या आत खुंट जाळायला गेला, ओल्या बर्फात दिवसभर उभा राहिला आणि नवव्या दिवशी गेला. नवऱ्याला फ्लोरिदाने अडवले नाही, असे मी दफनाच्या दिवशी चर्चच्या पायरीवर सर्वांदेखत म्हटले. त्यानंतर अठरा वर्षे आम्ही बोललो नाही. कुंपण एक, विहीर एक, आणि अवाक्षर नाही.

यंदा ईस्टरचे पवित्र पाणी आणायला मी त्या दिवशी पहाटे ओढ्यावर गेले. ते सूर्य उगवण्याआधी, वाहत्या प्रवाहातून आणि तोंडातून शब्द न काढता भरायचे असते. ओढा पूर्ण गोठलेला. फ्लोरिदाही तिची बरणी घेऊन उभी होती. मी कुऱ्हाड उचलली, दोन घाव घातले आणि खोकल्याने खाली बसले. तिने माझ्या हातातून कुऱ्हाड घेतली, बर्फ फोडला, आधी माझी बरणी भरली, मग स्वतःची. बोलायचे नव्हतेच, त्यामुळे कोणाची मान खाली गेली नाही. माझा हात धरून तिने मला घरी आणले. चूल पेटवेपर्यंत खिडकीत ऊन आले.

"आता बोललं तरी चालेल," ती म्हणाली. "वन्सं, तुमची चूल धूर कोंडते. मला अठरा वर्षं दिसतंय धुराडं."

"मग सांगायचंस."

"कोणाला? तुम्ही तर भिंतीशी बोलत होतात."

मी आभार मानायचे सोडून विचारले, "तू त्याला जाऊ कसं दिलंस?"

"नव्हतं दिलं. बूट लपवले होते त्याचे. पिठाच्या पिंपात."

"मग तो काय घालून गेला?"

पिल्लांच्या खोक्याशी वाकून ती एकेकाची चोच पाण्यात बुडवत राहिली. उत्तर मलाच ठाऊक होते. त्या सकाळी आदेलार माझ्या दारात चपलांवर आला होता. "ताई, माझे बूट फाटलेत, बाबांचे दे ना." मी दिले. वर म्हणाले, "तुझ्या बायकोला बूटही शिवून घेता येत नाहीत का?"

फ्लोरिदाला हे ते बूट त्याच्या पायातून काढतानाच कळले होते. चर्चच्या पायरीवर ती एक वाक्य बोलली असती तर मी तोंड दाखवू शकले नसते. ती बोलली नाही. इतकी वर्षे मी त्याला ताठा समजले.

म्हणून तिसरी गोष्ट. संपूर्ण जमीन, माझे घर, तिचे घर, गोठा, दोन गाई, घोडी, साय काढायचे यंत्र आणि लिदीवर केलेला, जुन्या खिडक्यांनी झाकलेला रोपांचा गरम वाफा, हे सर्व मी फ्लोरिदा त्रेपानिये हिला देते. अट नाही. विनंती एकच: टोमॅटोची रोपे थंडीचे संत गेले म्हणून बाहेर काढू नयेत. यंदा ते जाऊन पंधरा दिवस झाले, तरी त्यांच्यावर विश्वास ठेवायला मी तयार नाही.

रेअलला माझा नकाशांचा संग्रह. त्याला नकाशे आवडतात.

याच रांगेतल्या दोना जेंग्रा याने एकोणसाठ साली माझ्याकडून उसनी नेलेली मोठी करवत मी त्याला आजच, सही करण्यापूर्वी, भेट दिली आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये म्हणून ही धावपळ. तो "पण ती माझीच आहे ना?" म्हणाला. आता आहे.

वडिलांचे बूट माळ्यावर आहेत. ते माझ्या पायात घालून मला पुरावे, म्हणजे पुन्हा कोणाला उसने मिळणार नाहीत.

हे लिहीत असताना फ्लोरिदा दूध घेऊन आली. "एवढं काय लिहिताय, वन्सं?"

"साबणाची कृती."

"मग मीठ लिहा. दर वेळी विसरता."

शेवटची गोष्ट. जमीन अजून दोन हात गोठलेली आहे. मी एवढ्यात गेले तर मला थांबवून ठेवावे, माझ्यासाठी कोणी पहारीने माती फोडू नये. ती मोकळी झाली की ईस्टरचे पाणी फ्लोरिदाने शिंपडावे, आणि तिला मला जे सुनवायचे असेल ते पाद्रीबुवांनी मध्ये न पडता सुनवू द्यावे. पाणी भरताना गप्प राहायचे असते. शिंपडताना नाही.

एर्मांस त्रेपानिये

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली. सही करणाऱ्या बाई शुद्धीत होत्या आणि त्यांनी आमच्या सह्यांतल्या चुका काढल्या.

दोना जेंग्रा, शेतकरी, चौथी रांग
सिमोन लाफोंतेन, पोस्टाची कारभारीण

सेंत-ओदिल, २९ मे १९७४