आत्याला कळलेलं मराठी

ब्योब्लिंगेन, जर्मनी
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

स्नेहलताताई,

नमस्कार. आम्ही ठीक आहोत. तुम्हीही ठीक असालच, तुमचं कधी काही बिघडत नाही. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून पत्र. मयुरेशला दाखवलेलं नाही. बहिणीपुढे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि मी आता त्यासाठी थांबणार नाही.

विषय अन्वीच्या शाळेचा. गणपतीत तुमच्या फ्रँकफर्टच्या घरी, आरतीनंतर मोदक वाढताना तुम्ही दहा बायकांसमोर म्हणालात, "आमच्या मयुरेशची मुलगी फुकटच्या शाळेत जाते हं. पहिली ते तेरावी, हुशार-मठ्ठ सगळी एकाच गोठ्यात!" अन्वी शेजारीच ताट धरून उभी होती. कुणीतरी खुणावलं, तर म्हणालात, "तिला कुठे मराठी कळतंय? ती आपली सारखी जर्मनमध्ये 'या, गेनाऊ' करते."

ताई, ती उत्तर जर्मनमध्ये देते. कळतं तिला सगळं.

हो, शाळा सरकारी आहे. फी नाही. चौथीनंतर इथे मुलं चाळून काढतात, हुशार ठरलेली गिम्नाझियमला आणि उरलेली दुसरीकडे. ही शाळा चाळत नाही, एवढाच तिचा गुन्हा. सहावीतली अन्वी दर गुरुवारी पहिलीतल्या मुलांना गोष्ट वाचून दाखवते. एक चिमुरडी तर तिच्या मांडीवरून उठतच नाही म्हणे. तुमच्या पुष्करच्या शाळेत घोडे आहेत, तळं आहे. पण घरी आलेल्या मामीला पाणी विचारावं हे त्याला तिथे कुणी शिकवलेलं दिसत नाही. नाकाने कांदे सोलायला मात्र तुम्ही पुढे.

परवा अन्वीच्या दप्तरात शाळेची चिठ्ठी सापडली. येत्या गुरुवारी पालकांनी वाचन ऐकायला यावं म्हणून. 'येणार नाही' वर खूण होती आणि खाली माझी सही. तिनंच केलेली.

"हे काय गं?" मी ओरडलेच.

ती मराठीत बोलली. कितीतरी दिवसांनी. "तुला लाज वाटते ना. तू पण हसलीस."

हे लिहायचं मी इतका वेळ टाळत होते. तुम्ही गोठा म्हणालात तेव्हा मी हसले होते. वर म्हणाले होते, "एकच वर्ष हो ताई, मग बदलतोय शाळा." बदलायचं आमच्या मनातही नव्हतं. तुमच्या त्या दहा बायकांसमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून मी पोरीची घातली.

मी तिला म्हटलं, "अगं, पण बोलली तर आत्या!"

"आत्या तशीच आहे," ती म्हणाली. "तू आई आहेस."

मी चिठ्ठीवरची खूण खोडली, 'येणार' केलं आणि खाली माझी खरी सही केली. तिनं ती न बघता दप्तरात कोंबली. शाळेत देईल की नाही, ठाऊक नाही. गुरुवारी मी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहणार आहे.

दिवाळीला आम्ही येणार नाही. मयुरेशला यायचं असेल तर तो येईल, फराळाचा डबा देईन त्याच्याबरोबर.

माझी माफी मागू नका, मला ती नको. अन्वीची मागा, आणि मराठीतच मागा. मीही मागितली आहे. अजून मिळालेली नाही.

चारुलता