न मोजलेले दोन दिवस

चिमे,

"आई, विहिरीचं पाणी रोज उजाडताच मोज, आणि आकडा मनाने लिहू नकोस," असं बजावून तू आठ दिवस मावशीकडे गेली होतीस. त्यातले दोन दिवस मी विहिरीवर गेलेच नाही. जप लांबला, ऊन चढलं, आणि मी आदल्या दिवसाचा आकडा बोटभर कमी करून लिहिला. देवाचा नेम चुकू नये म्हणून तुझा चुकवला.

काल तू कॉलेजच्या अर्जातला निबंध वाचून दाखवलास. "वर्षभरात मोजणीचा एकही दिवस चुकला नाही," हे त्यातलं पहिलंच वाक्य. वर मलाच म्हणालीस, "आत्ताच काय रडतेस, अजून निवड कुठे झालीय!" रात्री तू झोपल्यावर मी मोजणीची वही काढली.

आज संध्याकाळी पाचला अर्जाची मुदत संपते. वही तुझ्या उशाशी ठेवली आहे, बारा आणि तेरा तारखेवर मी काट मारली आहे. ते वाक्य बदल. निवड हुकली तर मला बोल लाव, पण खोटं तुझ्या नावावर नको. अर्जावर सही करणाऱ्या सरांना मी स्वतः सांगून येते.

जेवण झाकून ठेवलं आहे. आज जप राहिला. आधी टेप घेऊन विहिरीवर जाते. आजचा आकडा मोजूनच आणीन.

आई