किंचाळणारा पट्टा

४ मार्च
फितूर! लाकूड कातायच्या आमच्या लेथचा पट्टाच फितूर निघाला. हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मशीनला हात लावायची बंदी घातली आहे. खुर्च्यांचे पाय घडवण्यात जन्म गेला, आता खाटेवर पडून काय आढ्याचे वासे मोजू? म्हणून जेवणं उरकून ही शिवायला बसली की मी मागच्या वर्कशॉपमध्ये सटकतो. आज बटण दाबलं मात्र, पट्टा असा किंचाळला की भिंतीवरचं मांजर पळालं.
लगेच घराच्या खिडकीतून हिचा आवाज — "अहो, झोपलात ना?"
"हो, गाढ!"

५ मार्च
पट्ट्याला साबण चोळला. दोन मिनिटं गप्प. मग पुन्हा बोंब!

७ मार्च
चालत्या पट्ट्यावर पाणी शिंपडून पाहिलं. आवाज कमी झाला तर पट्टा फिरवणाऱ्या पुल्या एका रेषेत नाहीत, वाढला तर पट्टा सैल. वाढला! मशीन बंद करून अंगठ्याने दाबला, तर भलताच आत गेला. मोटर मागे सरकवून पट्टा ताणला, बोल्ट आवळले. चिडीचूप! स्वतःचीच पाठ थोपटली.

८ मार्च
पुन्हा किंचाळतोय. मोटर पुन्हा पुढे. भूतबीत आहे की काय?

९ मार्च
भूत सापडलं. नटाचे कोपरे पार कुरतडलेत. पाना वापरणारा असं करत नाही, हे पकडीचं काम. आणि घरात पक्कड एकच — हिच्या शिलाई मशीनच्या खणात! पट्टा सैल पडला की घसरतो आणि किंचाळतो, हे नव्या नवरीला मीच कौतुकाने शिकवलं होतं. घ्या आता!
"मागून कसला हो आवाज येतो?" वाढताना ही म्हणाली.
"उंदीर असतील."
"ऑपरेशन झालेले?"
मी ताटात डोकं खुपसलं.

१० मार्च
बोल्ट करकचून आवळले, वर दुसरा नट चढवला. आता सोडव म्हणावं! पट्टा गुपचूप फिरायला लागला. मोटरची घरघर हिच्या मशीनच्या खडखडाटात बुडाली. मी मजेत, शीळसुद्धा घातली.
खुर्चीचा पाय अर्धा उतरला असेल, तोच दार धाडकन उघडलं. ही! अनवाणी, गळ्यात टेप तशीच, चेहरा पांढराफटक.
"आज ओरडला नाही तो," म्हणाली. "खाटेवर पण नव्हतात. मला वाटलं, तुम्ही इथे—"
स्टुलावर बसून रडायला लागली. मी मशीन बंद केलं. फार लाज वाटली मला.

११ मार्च
वरचा नट काढला. बोल्ट मीच थोडे सैल केले. बटण दाबलं. काय किंचाळला पठ्ठ्या!
"अहो, झोपलात ना?"
"हो, गाढ!"