धाकटीची पत्रं

आई, तुला जाऊन चाळीस वर्षं झाली, आणि आज मी रहाटणीच्या त्या खोलीविषयी लिहायला बसले आहे. खोली कसली, शेतकऱ्याच्या गोठ्याला पत्रा ठोकून केलेला आडोसा. पिंपरीत औषधांचा कारखाना उभा राहत होता. आबा खडी-सिमेंट कालवायचे, तू घमेली वाहायचीस. सोलापूरकडून निघताना माझ्या पाठच्या धाकटीला आत्याकडे ठेवलं होतं. सहा वर्षांची होती. "ह्यांना कायम केलं की पक्की खोली मिळंल, मग पोरीला आणू," असं तू मला सांगायचीस, गोठ्याच्या मालकीणबाईंना सांगायचीस, कुणी नसलं तर चुलीपुढे बसून स्वतःलाच सांगायचीस. भाकऱ्या करताना शेवटची एक अगदी लहान थापायचीस आणि मग ती हातात धरून बसायचीस.

पत्र आलं तेव्हा तुला सातवा महिना होता. मी तिसरीत होते, घरात वाचता येणारी मी एकटीच. आबांना ते कामावरच मिळालं. मी शाळेतून येत होते तेव्हा त्यांनी मला विहिरीपाशी थांबवलं आणि म्हणाले, "वाच." मी वाचलं. धाकटी तापानं गेली होती, दिवससुद्धा उरकले होते. आबा मातीतच खाली बसले. तिथूनच म्हणाले, "आईला आत्ता सांगायचं न्हाई. बाळंत हुंदे." मी म्हटलं, "पण ती वाचायला सांगेल." "मग वाच की," आबा म्हणाले. "कायबी वाच."

तू पिठाचे हात पदराला पुसून समोर बसली आहेस. मी कागद धरला आहे आणि वाचते आहे, की धाकटीचा पुढचा दात पडला, ती शेळीमागं पळते, आई कधी येणार म्हणून विचारते. तू हसलीस. "बोबडी बोलत असंल आता," म्हणालीस. तू बाळंत होईपर्यंत तो एकच कागद मी चारदा काढला, दर वेळी नवं पत्र म्हणून.

भाऊ झाला. बारावा दिवस उलटल्यावर आबांनी तुला सांगितलं. तू रडली नाहीस. मालकीणबाई दारातून म्हणाल्या, "रड गं बाई, असं दाबून धरू न्हाई." तू त्यांच्याकडे पाहिलंही नाहीस. मला म्हणालीस, "खरं काय लिवलंय ते वाच." मी वाचलं. तू बाळाला दुसऱ्या कुशीत घेतलंस आणि म्हणालीस, "आता ते दाताचं वाच."

पुढे आबा कायम झाले. सिमेंटची खोली मिळाली, दारात नळ आला. तू मागितलं होतंस ते सगळं मिळालं. दुपारी भाऊ झोपला की तू हळूच विचारायचीस, "काय लिवलंय तिनं?" कागद तर केव्हाच फाटून गेला होता. मी नुसते तळहात समोर धरून वाचायचे. धाकटी शाळेत जाऊ लागली. तिला तीसपर्यंत पाढे आले. तिची वेणी कमरेखाली गेली. वर्षं जात होती तशी तीही मोठी होत होती, आणि दारात कुणाची सावली हलली की आपण दोघी एकदम वर बघायचो.

माझ्या चौदाव्या वर्षी मी ते वाचणं थांबवलं. तू तांदूळ निवडत होतीस. मी जोरात म्हटलं, "आई, ती मेली आहे." तू मान वर न करता म्हणालीस, "मला ठावं न्हाई व्हय?" त्यानंतर कधीच विचारलं नाहीस. दवाखान्यात शेवटचे आठ दिवस मी तुझ्या उशाशी बसून होते. तू विचारशील म्हणून मनातल्या मनात पत्र जुळवत होते. लग्न झालं होतं तिचं, दोन मुलं होती. तू भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस.

भावाला मी सांगत आले की आईला वेड लागू नये म्हणून मी ते बंद केलं. खरं तसं नव्हतं. हे मी त्याला दाखवणार नाही, लिहून झालं की फाडून टाकीन. धाकटी कधी उलट बोलत नव्हती, तिचं गणित चुकत नव्हतं, आणि तिचं ऐकताना तुझा चेहरा जसा उजळायचा तसा माझ्याकडे बघून कधी उजळला नाही. मला तिचा हेवा वाटायचा, आई.