कार्ड नजरेआड करायचं नाही

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०
नवीन वर्ष, नवीन वही. ठरलं. या वर्षी माझ्या क्रेडिट कार्डाचा आकडासुद्धा कुणाला दिसणार नाही. कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं सुरक्षा अधिकारी होतो. माझ्या काळात एकच माणूस जखमी झाला. दोन बोटं गेली. त्याचीच चूक. रिपोर्टात मी तसं स्पष्ट लिहिलं होतं.

नियम: कार्ड नजरेआड करायचं नाही. पिन दाबताना दुसरा हात वर आडवा. फोनवर नंबर कुणालाही नाही, खुद्द पोप असले तरी नाही. लॉरेन म्हणाली, "पोपना तुझ्या कार्डावर काय घ्यायचंय, क्लिफ?" चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला विषयाचं गांभीर्य कळलेलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार
पेट्रोल पंपावर चोर कार्डाच्या खाचेवर खोटी खाच बसवतात. म्हणून आधी हलवून बघायची असते. हलवली. हातात आली. आतून पोरगी धावत आली, म्हणाली, "अहो काका, ती खरी होती!" खरी वस्तू इतकी ढिली बसवायची कशाला? भरपाई कार्डाने मागत होते. साफ नकार. रोख दिली.

११ जानेवारी, शनिवार
स्पायरोच्या डायनरमध्ये नाश्ता. दोन अंडी, हॅम. बिलाच्या वेळी वेट्रेस नडीन माझं कार्ड घेऊन थेट आत गेली. चार मिनिटं. घड्याळ लावून मोजली. परत आल्यावर विचारलं. म्हणाली, "बाहेरचं मशीन बिघडलंय हो, आतल्यावर घेतलं. तुमचं कार्ड घेऊन मी काय मेक्सिकोला पळतेय?" आणि हसली.

गुन्हेगार हसतात. एकोणीस वर्षं ती तिथे गिऱ्हाइकांना वाढते. माझी अंडी कशी लागतात ते न विचारता आणते. एखाद्याबद्दल इतकं लक्षात ठेवायची गरज काय?

१६ जानेवारी, गुरुवार
सापडली! कार्डाच्या हिशेबात एक रक्कम. एन. एल. टी. होल्डिंग्ज, नेवाडा. मी जन्मात नेवाडाला गेलेलो नाही. तारीख १२ जानेवारी. म्हणजे त्या चार मिनिटांच्या दुसऱ्याच दिवशी. लॉरेन म्हणते आधी बँकेला फोन कर, ते काय आहे ते विचार. ज्यांच्याकडे पुरावा नसतो ते विचारत बसतात.

१७ जानेवारी, शुक्रवार
स्पायरोला सांगितलं. दुपारची गर्दी होती. माझा आवाज जरा चढला असेल. जबाबदार नागरिकाचा चढतोच. नडीन कॉफीचं भांडं घेऊन उभी होती. "मी? क्लिफ, मी?" एवढंच म्हणाली. स्पायरोने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि तिला एप्रन काढायला सांगितलं. एक मिनिटही लावलं नाही. निर्णय असा घ्यावा.

तिने एप्रन नीट घडी करून काउंटरवर ठेवला. कोपऱ्याला कोपरा जुळवून. हे का लिहितोय कळत नाही.

२५ जानेवारी, शनिवार
लॉरेनला चर्चमध्ये नडीनची वहिनी भेटली. नडीन चार ठिकाणी काम मागून आली. चारही ठिकाणी कार्डाची गोष्ट आधीच पोचली होती. घरात आई ऑक्सिजनवर. वहिनी म्हणाली, "तुमच्या नवऱ्याला सांगा, आमची झोप उडालीय." लॉरेन तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. घरात शांतता आहे. वाचन पुष्कळ होतं.

५ फेब्रुवारीला, बुधवारी, वाचनालयात माझं व्याख्यान आहे. विषय: रोजच्या व्यवहारात कार्ड कसं सांभाळावं. स्वतःच सुचवलं, त्यांनी हो म्हटलं. उदाहरण तयार आहेच. नाव घेणार नाही. तेवढी माणुसकी माझ्यात आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ३
अखेर कुणीतरी कदर केली! बँकेच्या फसवणूक प्रतिबंध विभागातून ब्रॅन्डन नावाच्या गृहस्थाचा फोन. काय आदब! म्हणाला, "सर, तुमच्या कार्डावर कुणीतरी हात मारायच्या बेतात आहे, पण तुमच्यासारखं सावध गिऱ्हाईक आम्ही बघितलं नाही." त्याला नडीनचं सगळं प्रकरण सांगितलं. "बरोबर केलंत सर," म्हणाला. घरात हे वाक्य कुणी बोललेलं नाही.

ओळख पटवायला कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे आणि फोनवर आलेला कोड वाचून दाखवला. कोडच्या खाली 'हा कोड कुणालाही सांगू नका' असं लिहिलं होतं. तेही वाचून दाखवलं. ब्रॅन्डन म्हणाला, "अगदी योग्य सूचना आहे, सर."

५ फेब्रुवारी, बुधवार
व्याख्यान उत्तम. सात जण. त्यातले दोन बसची वाट बघत उबेला बसले होते, पण कान इकडेच असावेत. बोलताना खिशातला फोन सारखा थरथरत होता. बघितला नाही. श्रोत्यांना म्हटलं, शिस्त म्हणतात ती ही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
पंपावर कार्ड चालेना. बँकेला फोन केला. काल सकाळी अकरा ते बारा या वेळात मी फ्लॉरिडात बोटीची दोन इंजिनं घेतली म्हणे. अकरा ते बारा मी व्याख्यान देत होतो! साक्षीला सात माणसं आहेत.

बाईने विचारलं, कोड कुणाला दिला होता का? म्हटलं, कुणाला नाही, तुमच्याच ब्रॅन्डनला. ती अगदी हळू म्हणाली, "सर, आम्ही कोड कधीच विचारत नाही." असा सूर मी गिरणीत अपघात झालेल्या त्या माणसाच्या बायकोशी बोलताना लावला होता.

मग म्हटलं, आणि ते नेवाडावाले? तिने बघितलं. "ते तुमचंच आहे, सर. कार्ड सुरक्षा योजना. गेल्या वर्षी जानेवारीत तुम्हीच घेतली होती. दरवर्षी बारा जानेवारीला पैसे जातात."

अनोळखी रकमांपासून वाचवणाऱ्या कंपनीने स्वतःचं नाव तरी नीट लिहावं. कडक पत्र लिहिणार आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
लॉरेनला सांगितलं. तेरा दिवसांनी ती माझ्याशी बोलली. "त्या डायनरमध्ये जा. ज्या आवाजात आरोप केलास, त्याच आवाजात सगळ्यांसमोर सांग. तिचं काम तिला परत मिळव." मी म्हटलं, जाणारच होतो. उद्या.

८ फेब्रुवारी, शनिवार
सरोवरावरून बर्फाचं वादळ आलंय. रस्ता बंद. आमचा नव्हे, पण पुढचा असेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार
गुडघा. शिवाय मंगळवारी तिथे फारसं कुणी नसतं. सगळ्यांसमोर सांगायचं तर शनिवार बरा.

१५ फेब्रुवारी, शनिवार
गेलो. लॉरेन गाडीत थांबली. आत गर्दी. मोठ्याने सांगायचं असं दारापर्यंत ठरलं होतं. काउंटरशी जाऊन स्पायरोच्या कानाशी सांगितलं. माझा गैरसमज झाला होता, नडीनने काही केलं नव्हतं, तिला परत घे.

स्पायरो अंडी उलटत होता. मान वर न करता म्हणाला, "माहीत होतं मला. नडीन एक सेंट उचलायची नाही. पण थंडीत धंदा बसतो, एक माणूस कमी करायचंच होतं. एकोणीस वर्षं काम केलेल्या बाईला कुठल्या तोंडाने जा म्हणायचं, याच विचारात होतो. तेवढ्यात तू आलास." मग म्हणाला, "ती आईला घेऊन टोलेडोला गेली, दुसऱ्या भावाकडे. तू बस. आजचा नाश्ता माझ्याकडून."

म्हणजे दोष माझा नव्हता. तिचं काम तसंही जाणारच होतं. हे नीट नोंदवून ठेवतोय.

बाहेर लॉरेन गाडीत बसून काचेतून बघत होती. मी बसलो. अंडी, हॅम, वर पॅनकेक. सगळं खाल्लं.