सावलीचं माप

१९ सप्टेंबर, शुक्रवार
किल्ल्याच्या दरवाजाची भिंत परत कोसळली. रोमनांनी बांधलेलं शेकडो वर्षं उभं राहिलं, आणि आमच्या नवऱ्यानं डागडुजी केलेलं दोन रात्री टिकत नाही! या वेळी एका गवंड्याचा पाय चिरडला. इंजिनिअर म्हणतो, खाली पाणी आहे. गवंडी काहीच म्हणत नाहीत, नुसते एकमेकांकडे बघतात. मला कळतं ते. "मिंचो, असलं काही करू नकोस," नवऱ्याला म्हटलं. तो जेवत राहिला.

२० सप्टेंबर, शनिवार
इस्क्राला किल्ला बघायचा होता. डॉक्टर म्हणतात, हिवाळा काढला तर नशीब. माझी धाकटी बहीण — नाही कसं म्हणणार? बनित्सा, टोमॅटो, पांढरं चीज बांधून घेतलं, बसनं गेलो. कोट तिच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा. सकाळ बरी गेली. बुरुजाच्या पायथ्याशी बसून डॅन्यूब बघितली. लहानपणी लपायचो ते रोमन न्हाणीघराचे दगड सापडले. "इथेच ढकललं होतंस मला, ताई."

मग ती दरवाजाकडे निघाली. पाया परत उघडला होता. पाया भरताना आमच्याकडे त्या बाजूला कोणी फिरकत नाही, लेकरांना तर घरात कोंडतात. गवंडी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सावलीचं माप दोऱ्यानं घेतात, दोरा खड्ड्यात पुरतात. भिंत टिकते. सावलीवाला चाळीस दिवसांत जातो. इस्क्राला काय हे माहीत नव्हतं? मुद्दाम ऊन पाठीशी घेऊन उभी राहिली.

"भावोजी, घ्या माप. मी तशीही जाणारच आहे. दुसऱ्या कुणाचं लेकरू कशाला?"

आणि मिंचोनं खिशातून दोरा काढला! माझ्यादेखत. सावलीच्या डोक्यापासून पायापर्यंत लावला, दातांनी तोडला. मी त्याला नाही नाही ते बोलले. इस्क्रानंच मला ओढलं. "गप ग. एवढं तरी माझ्या हातून होऊ दे."

बनित्सा तशीच परत आणली. मला त्याचं तोंड बघायचं नाही.

२७ सप्टेंबर
बोलत नाही त्याच्याशी. भिंत उभी आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार
इस्क्रानं सूप मागून घेतलं, दोनदा. डॉक्टर म्हणतात, नवं औषध लागू पडलं, गाठ आकसतेय. स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग मिंचोला विचारलं, तो दोरा कुठे आहे?

"नदीत टाकला, त्याच संध्याकाळी. हातात धरवेना."

"मग पायाच्या खड्ड्यात काय पुरलंस?"

तो बूट पुसत होता. "काहीतरी पुरावंच लागलं. नाहीतर एकही गवंडी कामाला हात लावेना. माझंच माप घेतलं. तुझा काय विश्वास आहे होय असल्या गोष्टींवर?"

हसला. मीही हसले. किती दिवसांनी.

२५ ऑक्टोबर
निधनाचा कागद फाटकावर चिकटवला. फोटो लग्नातलाच लावला, मिंचोचा दुसरा नव्हता. डिंकाचा डबा इस्क्रानं धरला होता.